नमुना आणि निवेदक

राजा दीनदयाळ म्हटले की निजामाचा दरबार, शिकारी, मेजवान्या आणि वेरूळची लेणी डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या स्टुडिओने १८९९-१९०० च्या दुष्काळात तत्कालीन औरंगाबाद परिसरात टिपलेली छायाचित्रे मात्र फारशी पाहिली जात नाहीत. बरगड्या मोजता याव्यात अशी माणसे गटागटाने भिंगासमोर बसवलेली आहेत. नावे नाहीत. कोण कुठल्या गावचा, कोणाचे शेत होते, कोण विणकर होता, याचा पत्ता लागत नाही.

१८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ने जातिजमातींचे असेच ‘नमुने’ मांडले होते. त्यामागे राज्यकर्त्यांची गरज होती, असे म्हणून तो विषय संपवता येतो. दीनदयाळ तर एतद्देशीय होते. तरीही चौकटीतला माणूस नमुनाच राहिला. तेव्हा कॅमेरा कोणाच्या हाती होता एवढे विचारून भागत नाही. चित्राविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला होता, हेही विचारावे लागते.

शब्दांच्या क्षेत्रात या शहराने त्या प्रश्नाला फार पूर्वी उत्तर दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे ‘मिलिंद’ झाले. त्याच्या परिसरातून १९६७ मध्ये ‘अस्मिता’ आणि पुढे गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. ज्यांच्याविषयी इतर लिहीत आले, ते स्वतः लिहू लागले. छायाचित्रणात हे घडायला वेळ लागला, आणि त्याचे कारण काहीसे रोकडे आहे: कागद-लेखणी स्वस्त होती, कॅमेरा, फिल्म आणि डार्करूम नव्हती.

१९९० च्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतातील खेड्यांतल्या स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. १९९७ मध्ये त्यांनी या पद्धतीची ‘फोटोव्हॉइस’ या नावाने मांडणी केली. तिच्या मुळाशी पावलो फ्रेअरीचे शिक्षणशास्त्र आणि स्त्रीवादी विचार होते. आपल्या वस्तीच्या अडचणींइतकेच तिचे बळही टिपायचे, मग एकत्र बसून त्या चित्रांवर बोलायचे, अशी ती रीत. तिचा प्राण त्या बोलण्यात आहे. छायाचित्र उत्तम आले की नाही, हे दुय्यम.

मुंबईत ‘पुकार’ या संस्थेने २००५ च्या सुमारास युवा शिष्यवृत्ती सुरू केली, तिचे नाते याच विचाराशी जुळते. महाविद्यालयीन आणि कामकरी तरुणांचे गट आपल्याच वस्तीचा, आपल्याच जगण्याचा अभ्यास करीत. छायाचित्र हे त्यांचे एक साधन होते. संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ मध्ये ‘संशोधनाचा हक्क’ ही कल्पना मांडली: संशोधन ही तज्ज्ञांची मिरास नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे. नोंद करणे हाच एक हस्तक्षेप, असेही त्यांचे प्रतिपादन होते. दलित साहित्याच्या अभ्यासकाला यात काही अनोळखी वाटू नये.

एक शंका मात्र राहते. ‘बळ दाखवा’ हीसुद्धा मागणीच आहे, आणि मागणी आली की पवित्रा येतो. दुष्काळात दैन्य मांडायला बसवले, आता अभिमान मांडायला उभे केले, असे होऊ शकते. दलित आत्मकथनांवरही वेदनेचे प्रदर्शन मांडल्याचा आरोप झालाच होता. त्याला उत्तर त्या लेखकांच्या तपशिलाने दिले.

तपशील आपल्याकडेही आहे. मलिक अंबरच्या काळातील नहर कोणत्या गल्लीखालून जाते, हिमरूचा माग चालवणाऱ्या घरात उरलेली नक्षी कोणाला येते, हे त्या गल्लीतल्या मुलीला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. कॅमेरा आता तिच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. तिने काढलेल्या चित्राखाली विणकराचे नाव असेल, आणि ते कसे लिहायचे हे तिने त्यालाच विचारलेले असेल.