जहागिरीतून मतपेटीकडे : आजरा, कोल्हापूर आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक

१/ आजरा हे इचलकरंजीच्या घोरपडे जहागिरीतले गाव. जहागीर कोल्हापूरच्या छत्रपतींच्या अधीन आणि संस्थान ब्रिटिशांच्या. सत्तेच्या या तिहेरी उतरंडीत राज्यकर्ता निवडण्याचा अधिकार सामान्य रयतेला नव्हता.

२/ १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या वर्षभर आधी गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत हा परिसर होरपळला होता. कोल्हापुरातील जयप्रभा स्टुडिओही जळाला. तिकडे फाळणीच्या जखमा ओल्याच होत्या. अशा दुभंगलेल्या देशात निवडणुकीवर विश्वास कोण ठेवणार?

३/ मतदार सुमारे १७ कोटी, साक्षरता जेमतेम १८ टक्के. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी ठेवली. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. अक्षरओळखीची गरज नाही. दुबार मतदान रोखण्यासाठी बोटाला न पुसली जाणारी शाई. पेट्यांसाठी ८,२०० टन पोलाद लागले.

४/ विश्वासार्हतेची किंमतही मोजावी लागली. मुख्यतः उत्तर भारतातील अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी' एवढीच ओळख दिली. अशा सुमारे २८ लाख नोंदी यादीतून वगळल्या गेल्या. यादी चोख झाली. पण त्या स्त्रियांचे मत हुकले.

५/ कोल्हापूर-सातारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता. काँग्रेसच्या भरभराटीच्या त्या काळातही येथून एका जागेवर बी. एच. खर्डेकर हे अपक्ष निवडून आले. निकाल आधीच ठरलेला नव्हता, याचा हा पुरावा.

६/ मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकर पराभूत झाले. बाद मतांविषयी त्यांचा गंभीर आक्षेप होता. अशोक मेहता यांच्यासह त्यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. अर्ज फेटाळला गेला. तरीही लढा कायद्याच्या चौकटीतच राहिला.

७/ खरी कसोटी पुढेच होती. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत गोळीबार झाला, माणसे मारली गेली. १९५७ मध्ये त्या संतापाला वाट मिळाली ती मतपेटीतून : कोल्हापूरने शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर यांना लोकसभेत पाठवले. जहागिरी संपून एक दशकही उलटले नव्हते.