ॲप हँग होतंय. दोष फोनचा की ॲपचा?
नाशिकच्या सुरगाणा, पेठसारख्या आदिवासी तालुक्यांतही अंगणवाडीतल्या मुलांचं वजन-उंची ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये भरावी लागते. २०२१ मध्ये हे ॲप आलं तेव्हा राज्यातल्या सेविकांकडे सरकारने दिलेले २ जीबी रॅमचे फोन होते. फोन तापतो, हँग होतो, अशा तक्रारी वाढल्या आणि त्याच ऑगस्टमध्ये हजारो सेविकांनी ते सरकारला परत केले.

अशा वेळी ‘फोन बदला’ हे डेव्हलपरचं सर्वात निरुपयोगी उत्तर. फोन सेविकेने निवडलेलाच नसतो! आधी मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन आणि शिल्लक स्टोरेज विचारायचं, मग तसाच फोन घेऊन ॲप चालवून पाहायचं. बाकीची ॲप्स नीट चालत असतील तर फोनकडे बोट दाखवण्याआधी आपलं ॲप हलकं करायला हवं. ‘काढून पुन्हा इन्स्टॉल करा’ हा सल्लाही जपून द्यावा. सर्व्हरवर न पोहोचलेल्या नोंदी त्यात पुसल्या जाऊ शकतात.

बॅटरी फुगली असेल तर मात्र ॲपमध्ये उपाय नाही. वापर थांबवा, दुरुस्तीला द्या, असं स्पष्ट सांगावं. तो खर्च कुणाचा, हे डेव्हलपर ठरवत नाही. फोन परत करणाऱ्या सेविकांची एक तक्रार हीच होती: वॉरंटी संपलेली आणि दुरुस्तीचा भुर्दंड त्यांच्याच खिशाला.