कायदा गेला, पण वहीतली नोंद गेली का?



कसालच्या तिठ्यावर बसलं की कोणी ना कोणी तरुण चारित्र्य पडताळणीच्या दाखल्याचा विषय काढतोच. पोलीस भरती असो, सिक्युरिटीची नोकरी असो की गोव्यातली कंपनी, हा दाखला मागतात. बंदच्या दिवशी ज्याचं नाव एफआयआरमध्ये गेलं, असा एक मुलगा मला म्हणाला, "दादा, सरकारने गुन्हे मागे घेतले ना? मग माझं नाव अजून कसं दिसतं?"

कायदा किंवा खटला रद्द होणं आणि नोंद पुसली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आपल्याला भटक्या-विमुक्तांच्या इतिहासाइतकं स्पष्ट दुसरं कोणी सांगू शकत नाही.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. सुरुवातीला तो उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करता येऊ लागला आणि १९२४ ला पुन्हा नव्याने बांधला गेला. सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात गुन्हेगार ठरे, आणि त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान देता येत नसे. नावं रजिस्टरवर चढत, बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी द्यावी लागे, पासाशिवाय हद्द ओलांडता येत नसे. गुन्हा केल्यावर नोंद होते हा जगाचा नियम. इथे नोंद आधी होती, गुन्हा पोलिसांनी नंतर शोधायचा होता.

हा विचार इंग्रजांना सुचला कुठून? धंदा जन्माने ठरतो, हे त्यांनी आपल्या जातिव्यवस्थेकडे बघून उचललं. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असं त्यांनी कायद्यात लिहून टाकलं. म्हणून हा कायदा फक्त परकीयांचं पाप आहे असं म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या लोकांना तिथे डांबलं होतं आणि त्यांच्या मजुरीवर गिरण्या चालल्या. आजही सोलापुरातल्या वस्तीचं नाव 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आहे. कुंपण गेलं तरी ते नाव पत्त्यात उरलं.

"हा विमुक्तांचा प्रश्न आहे, आपला नाही" असं म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यायची आहे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्टार्ट हे या वसाहतींचा कारभार पाहिलेले अधिकारी होते आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० ला आला. पुढे १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या लिखित भाषणात बाबासाहेबांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा प्रश्न थेट हिंदू समाजाच्या तोंडावर ठेवला.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं, कलम १४ ने समानता दिली. अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करा असं सांगितलं. तरी तो देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. म्हणून विमुक्त समाज ३१ ऑगस्टला मुक्तिदिन पाळतो.

पण पोलीस ठाण्यातल्या वह्या त्या दिवशी कोणी जाळल्या नाहीत. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगार कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर आता जमातीऐवजी व्यक्ती आली, मात्र संशयाची नजर त्याच पालांवर राहिली. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ ला आलं, कायदा जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला हे सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा असं सांगितलं.

७ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अमानतुल्ला खान प्रकरणात सर्व राज्यांना बजावलं की मागास समाजातल्या निरपराध लोकांची नावं पूर्वग्रहातून हिस्ट्रीशीटमध्ये जात आहेत, ते तपासा. ३ ऑक्टोबर २०२४ ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला लावला. कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाल्यावरही कोर्टाला रकान्यांपर्यंत जावं लागलं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. काही देशांत ठरावीक काळाने जुनी नोंद सीलबंद करता येते. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सरसकट कायदा नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी आहे आणि ते माहीत करून घ्या.

एक, सरकारने गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली म्हणजे खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते. त्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल स्वतःकडे ठेवा.

दोन, अल्पवयात गुन्हा झाला असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ बघा. काही गंभीर प्रकरणं सोडली तर अपात्रता लागत नाही आणि ठरावीक काळानंतर नोंद नष्ट करायची असते.

तीन, १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सुटलेल्याला कलम १२ प्रमाणे शिक्षेची अपात्रता लागत नाही.

चार, नोकरीच्या फॉर्मवर केस लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने लपवण्याचे परिणाम सांगितले आहेत. खरं लिहा, सोबत कोर्टाचा आदेश जोडा.

आणि ज्यांच्यावर एकही केस नाही त्यांनीही ३१ ऑगस्ट पाळा. पुढच्या वेळी गावात पाल पडलं आणि चोरी झाली, तर पोलिसांआधी आपण बोट कुणाकडे दाखवतो ते बघा. वही ठाण्यात असते तशी आपल्या डोक्यातही असते, आणि ती पुसायला कोर्टाचा आदेश लागत नाही.

जयभीम!