दागिन्यांचा उजाळा : घरातून गेलेली एक विद्या

श्रीसंत नरहरी महाराजांची कथा आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. विठोबाच्या कमरेचा करगोटा माप घेऊन घडवावा, आणि तो कधी आखूड तर कधी लांब भरावा, असे वारंवार झाले. कीर्तनकार या कथेतून हरिहरांचे ऐक्य सांगतात व ते योग्यच आहे. परंतु सोनाराच्या घरात जन्मलेल्या मनुष्यास त्या कथेत आणखीही काही दिसते. माप चुकले तर गिऱ्हाइकास दोष न देता करगोटा उचलून पुन्हा भट्टीकडे परतणारा कारागीर तीत आहे. माप आणि वजन ही आपल्या धंद्याची अब्रू होय. बारा बलुत्यांत कित्येक गावी सोनाराची गणना होत असे, आणि गावात आलेले नाणे खरे की खोटे हे पारखण्याचे पोतदारीचे काम त्याच्याकडेच असे, ते या अब्रूमुळेच.

प्रस्तुत लेखात दागिना घडविण्याचा नव्हे, तर घरी राखण्याचा व उजळण्याचा विचार करावयाचा आहे. हे काम क्षुल्लक आहे, असे पुष्कळांस वाटेल. आम्हांसही एके काळी तसेच वाटे. त्या समजुतीची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथे शामशास्त्री यांच्या हाती आली व 1909 साली तो ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. त्यात सुवर्णाध्यक्षाची कर्तव्ये सांगून झाल्यावर सोने चोरण्याच्या युक्त्यांचे एक सविस्तर प्रकरणच आहे. घडलेल्या दागिन्याची परीक्षा करताना अथवा जुन्या दागिन्याला उजाळा देताना चार प्रकारांनी सोने हरण करता येते, असे कौटिल्य सांगतो. ते प्रकार म्हणजे परिकुट्टन, अवच्छेदन, उल्लेखन आणि परिमर्दन. पहिला ठोकून काढण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा खरवडण्याचा. चौथा सर्वांत सूक्ष्म आहे. हरताळ, मनशीळ, हिंगूळ किंवा कुरुविंद यांपैकी कशाची तरी पूड कापडाला लावून दागिना घासावयाचा. दागिना कोठेही मोडलेला दिसत नाही, उलट चकाकतो. पण त्याचे अंग झिजलेले असते. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यास उजाळ्यातील चोरी ठाऊक होती. ती ज्यांच्याविषयी लिहिली ते आपलेच पूर्वज होते, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

वजनातील प्रत्येक घट मात्र चोरी नसते. आमच्या लासूरहून उत्तरेस कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटणे लागते. तेथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावतीत सुवर्णगणित आहे, व ते आम्ही शाळेत मुलांस आवडीने सांगत असू. दहा, चार, दोन व चार मासे वजनाचे चार तुकडे घ्यावे. त्यांचे कस अनुक्रमे तेरा, बारा, अकरा व दहा. एकत्र आटविले तर वीस मासे सोने बारा कसाचे होते. तेच शुद्ध करून सोळा मासे उरले तर कस पंधरा होतो. वीस गुणिले बारा दोनशे चाळीस, आणि सोळा गुणिले पंधराही दोनशे चाळीस. म्हणजे वजन घटले तरी सोने घटले नाही. गेले ते हीण. ही न्याय्य घट होय. नुसत्या उजाळ्यात आटवणी नसते, हीण काढणे नसते; म्हणून तेथे मळापलीकडे काही कमी होण्याचे कारण नाही.

आता आमच्या गावाकडे वळू. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर रोटेगाव, परसोडा, लासूर, पोटूल अशी स्थानके लागतात. शिवना नदीकाठचे, दाक्षायणी देवीचे मूळ लासूरगाव वेगळे. रूळ पडल्यावर स्थानकाभोवती जी पेठ वाढली तीच लासूर स्टेशन. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या धामधुमीत आमच्या आजीने आपले दागिने गाडग्यात घालून गोठ्यात पुरले. काही महिन्यांनी ते काढले तेव्हा पुतळ्यांची माळ जशीच्या तशी होती, चांदीचे वाळे काळे पडले होते, हलक्या कसाच्या फुलांवर तांब्याचा हिरवा थर चढला होता, आणि नथीच्या मोत्यांचे पाणी उतरले होते. आजीला अक्षरओळख नव्हती; पण कोणत्या धातूला काय बाधते हे त्या गाडग्याने तिला शिकविले.

पुढे प्रतिवर्षी धनत्रयोदशीच्या आधी ती स्वतः दागिने उजळी. रात्री दोन-तीन रिठे फोडून, बिया काढून कोमट पाण्यात भिजत घाली. सकाळी त्या फेसाळ पाण्यात सोन्याचे भरीव दागिने थोडा वेळ ठेवून मऊ कुंचल्याने नक्षीतला मळ काढी, स्वच्छ पाण्यातून काढून मलमलीने टिपी. हे सर्व परातीत चाले, वाहत्या पाण्याखाली कधीही नाही. आणि परातीतले पाणी फडक्यातून गाळल्यावाचून ती टाकीत नसे. सोनाराच्या दुकानातील केर धुऊन झारेकरी सोन्याचे कण मिळवितात. तर आपल्या परातीत सुटलेला मणी किंवा फिरकी आपणच का गमवावी, हा तिचा हिशेब.

आमचे वडील कसबी कारागीर होते. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा आदेश निघाला आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. चीनच्या आक्रमणानंतर परकीय चलन वाचविणे हा त्यामागील हेतू होता; परंतु देशभर सोनारांच्या शेगड्या विझल्या आणि काहींनी तर प्राण दिले. चौदा कॅरटचे बंधन 1966 मध्ये उठले, 1968 मध्ये कायदा झाला, व तो 1990 मध्ये रद्द झाला. त्या कठीण दिवसांत दुरुस्ती व उजाळा यांवर आमचे घर चालले, असे वडील सांगत. गिऱ्हाइकांचे दागिने दुकानात उजळत, तसे घरचेही दुकानातच जाऊ लागले. आजीची परात माळ्यावर गेली. आमच्या मातोश्रींना ते काम कधी करावेच लागले नाही, म्हणून ते त्यांना कधी आलेच नाही.

1987 सालच्या दिवाळीपूर्वी दोन इसम गाडीतून उतरून गल्लीत आले. वडील बाजारास गेले होते, आम्ही शाळेत होतो. त्यांनी आधी पितळेचा तांब्या, मग चांदीचे पैंजण फुकट लखलखीत करून दाखविले. विश्वास बसल्यावर मातोश्रींनी हातातील पाटल्या काढून दिल्या. त्यांनी त्या आपल्याजवळील द्रावणात काही वेळ बुडवून धुऊन परत केल्या, मजुरीचे पाच रुपये घेतले आणि द्रावणाचे भांडे जपून बरोबर नेले. पाटल्या पिवळ्याधमक दिसत होत्या. सायंकाळी वडिलांनी त्या हातात घेतल्या मात्र, त्यांचा चेहरा उतरला. डब्यातील चिठ्ठीवर वजन होते चार तोळे, म्हणजे 46 ग्रॅमांहून थोडे अधिक. काट्यावर भरले 43 ग्रॅम.

ते द्रावण अम्लराज असावे. नत्राम्ल व लवणाम्ल यांच्या या मिश्रणात सोने विरघळते, पण नाहीसे होत नाही. 1940 साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले तेव्हा हेवेसी या शास्त्रज्ञाने लाउए व फ्रांक यांची सुवर्णाची नोबेल पदके याच अम्लात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. शत्रूला ती ओळखता आली नाही. युद्धानंतर त्याच द्रावणातून सोने परत मिळाले व पदके पुन्हा घडविली गेली. कोपनहेगनच्या त्या बाटलीने सोने वाचविले. लासूरच्या भांड्याने ते पळविले. रसायन एकच, नियत वेगळी.

त्या रात्री मातोश्री जेवल्या नाहीत. वडील त्यांना एवढेच म्हणाले, “तुमची चूक नाही. हे घरी होतं, हे मी तुम्हांला कधी सांगितलंच नाही.” आम्ही पोलिसांत तक्रार केली नाही. सोनाराच्याच घरात असे घडले, हे गावास कळेल याची लाज वाटली. इतकी वर्षे आम्ही ही गोष्ट झाकून ठेवली. परंतु त्या मौनामुळे दुसरी घरे सावध झाली नाहीत, हे आता उमगते. असे इसम आजही गावोगाव फिरतात व वृत्तपत्रांतून तशा वार्ता येतात. म्हणून आज हे लिहीत आहोत.

भगिनींच्या उपयोगासाठी काही गोष्टी नमूद करतो. बोरमाळेचे मणी पोकळ असून त्यांत लाख भरलेली असेल तर तिला ऊन पाण्यात घालू नये. लाख मऊ होऊन मणी चेपतात. अशा दागिन्यास ओलसर फडके पुरे. मोती व पोवळे यांना चिंच, लिंबू, शिरका यांचा स्पर्शही नको. आम्ल त्यांना खाते. क्लिओपात्राने शिरक्यात मोती विरघळविल्याची कथा रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. ती खरी असो वा नसो, रसायनाचा धर्म खरा आहे. नथ व तन्मणी पाण्यात न बुडविता पिळलेल्या मलमलीने पुसावे, आणि अत्तर लावून झाल्यावर शेवटी अंगावर घालावे. पाचूसारखे खडे गरम पाण्यापासून दूर ठेवावे.

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे. तिला राखेने घासू नये. राखेतील वाळूचा कण चांदीहून कितीतरी कठीण असल्याने ओरखडे उठतात. वस्त्रगाळ खडूची पूड पाण्यात कालवून हलक्या हाताने लावावी. आम्ही जन्मभर खडू हाती धरला, त्याचा हा एक वेगळा उपयोग. साध्या, खडे नसलेल्या दागिन्यास आणखी एक उपाय आहे. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर दागिना टेकवून ऊन पाणी व खाण्याचा सोडा घालावा. काळेपणातील चांदी पुन्हा चांदीच होते व झीज जवळजवळ होत नाही. मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी असेल तर मात्र हा उपाय करू नये. चांदीला रबराची पट्टी गुंडाळू नये, तिच्यात गंधक असते. प्रत्येक दागिना वेगळ्या मलमलीच्या पिशवीत ठेवावा. फासे सैल झाले, तार तुटली, तर मात्र घरी खटाटोप न करता ओळखीच्या कारागिराकडे जावे, आणि तो काम करीत असता समोर बसावे. खऱ्या कारागिरास त्याचा राग येत नाही.

शेवटचा नियम वडिलांचा. प्रत्येक दागिन्याच्या डबीत त्याच्या वजनाची चिठ्ठी असावी आणि दर दिवाळीस ते ताडून पाहावे. 16 जून 2021 पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण तो शिक्का कस सांगतो. घरी किती सोने उरले हे सांगत नाही. ते काम चिठ्ठीचेच.

कित्येक व्यावसायिक बंधू म्हणतील, की गुरुजी, सर्वांना घरीच उजाळा शिकविलात तर आमचा धंदा कसा चालावा? त्यांस आमचे नम्र उत्तर असे, की उजाळ्याच्या मजुरीने सोनाराचे घर एक वेळ चालेल. पण सोनार या शब्दावरील विश्वास उडाला तर कोणाचेच चालणार नाही. कौटिल्याने आपल्याविषयी जे लिहिले ते खोडून काढण्याचा मार्ग एकच आहे : गिऱ्हाइकाच्या हाती आपणहून काटा द्यावा, आणि आपल्या लेकीसुनांच्या हाती परात.

आमच्या मातोश्री आता हयात नाहीत. त्या पाटल्या आमच्या सूनबाईंकडे आहेत. डबीत दोन चिठ्ठ्या आहेत, एक 46 ची व दुसरी 43 ची. पहिली फाडून टाकावी काय, असे सूनबाईंनी एकदा विचारले. आम्ही म्हटले, असू द्या. गेल्या धनत्रयोदशीस त्यांनी माळ्यावरची परात काढून रिठ्याच्या पाण्यात त्या पाटल्या स्वतः उजळल्या आणि मग वजन केले. 43 ग्रॅम भरले, जसेच्या तसे. अलम्.