१२ ऑक्टोबर : माहितीचा अधिकार लागू

२००५ साली, नेमक्या दसऱ्याला, हा कायदा अमलात आला. चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या साथीने १९९६ मध्येच प्रेस कौन्सिलने त्याचा एक मसुदा तयार केला होता. कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष होते आपले न्या. पी. बी. सावंत. अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्राचा स्वतःचा कायदाही त्याआधीच आला होता.

तळोज्यात कासाडी नदीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. अशा वादात हा कायदा कामी येतो : एखादा कारखाना खासगी असला, तरी त्याच्या सांडपाणी तपासणीचे अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागता येतात. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. पोच मात्र जपून ठेवावी. मुदत उलटली की पहिले अपील करता येते, तेही त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे!