भोपाळचं तोंड आणि परळची पेशी

आपल्या मंडळात भोपाळवर वाचले जाणारे निबंध बहुधा तलावांवर, बेगमांवर, नाहीतर बाजीरावाच्या १७३७ च्या स्वारीवर असतात. हा निबंध भोपाळकरांच्या तोंडावर आहे. अगदी शब्दशः: गाल, जीभ, हिरड्या आणि दात. दंतवैद्यक हा काय इतिहासाचा विषय आहे का, असं कुणी विचारेल. पण या शहराच्या तोंडात गेल्या शंभर-दीडशे वर्षांच्या सवयी, एक औद्योगिक दुर्घटना आणि परळच्या एका प्रयोगशाळेची परंपरा एकत्र येतात. ती कशी, हे पाहू.

बटव्यातलं शहर

जुन्या भोपाळची ओळख सांगताना लोक ‘जर्दा, पर्दा, गर्दा’ असं म्हणतात. पर्दा बेगमांच्या काळाचा, गर्दा रस्त्यावरच्या धुळीचा आणि जर्दा पानातल्या तंबाखूचा. चौकात आजही मण्यांचे आणि जरीचे बटवे विकायला असतात. हल्ली पाहुणे ते शोभेची वस्तू म्हणून नेतात, पण मुळात बटवा सुपारी, कात, लवंग, वेलची आणि तंबाखू जवळ बाळगण्यासाठी होता. पाहुण्यापुढे बटवा उघडणं हा आदराचा भाग. त्यामुळे इथे तंबाखू व्यसन म्हणून आला नाही, अदब म्हणून आला.

आपण मराठी माणसांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याकडे तंबाखू भाजून केलेली मिश्री दात घासण्यासाठी म्हणून वापरली जायची आणि खेडोपाडी अजूनही वापरली जाते. घरातल्या बायका सकाळी उठून ती हिरड्यांवर चोळत. दात ‘घट्ट’ राहतात ही समजूत. भोपाळचा जर्दा काय किंवा देशावरची मिश्री काय, दोन्ही गालाच्या आतल्या नाजूक अस्तरावर तासन् तास टेकून राहतात.

परळमध्ये सुरू झालेलं काम

हे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहायची सवय आपल्या देशाला लावली ती मुख्यतः डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. मुंबईत परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा खानोलकरांकडे आल्या. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. कुठल्या समाजात कुठली सवय आणि गाठ तोंडात नेमकी कुठे येते, या दोन गोष्टी ते शेजारी-शेजारी ठेवत. इंजिनिअरला ही पद्धत लगेच पटते. भाग कुठे झिजला यावरून भार कुठे पडत होता ते कळतं.

१९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, तेही खानोलकरांच्याच हाताखाली. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ चा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट. नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात अखंड वाढवण्यात गाय यांचा हातखंडा होता. १९५१ मध्ये जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढल्या. रणदिवेबाई परत आल्या आणि त्यांनी परळला टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली, देशातली अशी पहिली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिथे तयार झाल्या. पुढे या केंद्राचं नाव कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं. आज ते खारघरला अॅक्ट्रेक म्हणून ओळखलं जातं.

तोंडाच्या आजारांवर मुंबईत आणखी दोन कामं झाली, तीही लक्षात ठेवू. तोंड हळूहळू आखडत जाण्याचा विकार १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये नोंदवला होता. १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे आज रूढ असलेलं नाव दिलं. दुसरं काम दंतवैद्य डॉ. फली मेहता यांचं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंत-संशोधन विभागातर्फे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. एक लाख माणसांना ‘आ करा’ म्हणणं, तेही गावोगाव फिरून! त्या काळातल्या साधनांनी हे कसं केलं असेल याची कल्पना करा.

२ डिसेंबर १९८४ नंतर

युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरलं. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं एवढंच, की हा पदार्थ प्रथिनांना चिकटतो. श्वासातून आत गेला की फुप्फुसाचं अस्तर जळतं हे सगळ्यांना दिसलं. खरा प्रश्न पुढचा होता: जे जगले त्यांच्या पेशींत काय उरलं? गुणसूत्रं तुटली का? दहा-वीस वर्षांनी कर्करोग येईल का?

या प्रश्नाचं उत्तर स्टेथोस्कोपनं मिळत नाही. रक्त घ्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी भांड्यात वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवायच्या आणि गुणसूत्रं एक एक मोजायची. भोपाळ विद्यापीठात एच. के. गोस्वामी यांनी हे काम केलं आणि वायुबाधितांत गुणसूत्रांची मोडतोड वाढल्याचं १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं. परळहूनही मदत आली. १९८७ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चच्या भोपाळ पुरवणीत एक निबंध आहे, वायुबाधितांची रोगप्रतिकारशक्ती आणि जनुकीय इजा यांवर. लेखकांची नावं वाचा: देव, गांगल, भिसे, भिडे, मारू… डॉ. माधव देव, डॉ. सुधा गांगल, डॉ. सुमती भिडे. ही सगळी कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटची माणसं.

यातली भिडे आणि मारू ही नावं आणखी एका ठिकाणी भेटतात. भिडेबाईंच्या गटानं मिश्रीच्या अर्काची जनुकीय इजा करण्याची क्षमता तपासली, त्याचा निबंधही १९८७ चाच. आणि १९९१ मध्ये भिडे, मारू आणि जर्मन सहकाऱ्यांनी पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या गालाच्या पेशींवर काम छापलं. ही चाचणी फार साधी आहे. गालाच्या आतून हलकेच खरवडून पेशी घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवायच्या. निरोगी पेशीत एकच केंद्रक दिसतं. गुणसूत्र तुटलेलं असेल तर त्याच्या तुकड्याचं एक चिमुकलं, वेगळं केंद्रक शेजारी दिसतं. अस्तराच्या तळाशी झालेली इजा एक ते तीन आठवड्यांत वर येते आणि आपोआप गळून पडते. म्हणजे गाल स्वतःच आपली नोंद बाहेर टाकत असतो. कुणीतरी ती वाचायला हवी.

थोडक्यात, एकाच संस्थेत, जवळजवळ एकाच वेळी, तेच हात दोन गुन्हेगारांच्या मागे होते. एक कारखान्यातून आलेला, दुसरा बटव्यातून.

नोंदवही काय म्हणाली

वायूचा दूरगामी परिणाम मोजायचा तर शहरातला प्रत्येक कर्करोग नोंदला गेला पाहिजे. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती. भोपाळमध्ये ती १९८६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं गांधी मेडिकल कॉलेजात सुरू केली, दुर्घटनेमुळेच. नोंदी जमू लागल्या तशी एक वेगळीच गोष्ट समोर आली: भोपाळच्या पुरुषांत जिभेच्या आणि तोंडाच्या कर्करोगाचं प्रमाण देशातल्या वरच्या शहरांत मोडणारं होतं.

आता मोह पाहा. शहराकडे एक ठळक, खरा, सिद्ध झालेला अपराधी होता. हेही त्याच्याच खात्यावर टाकणं किती सोपं होतं! राजेश दीक्षित आणि एस. कान्हेरे यांनी तसं केलं नाही. त्यांनी शहरातले फुप्फुसाचे १६३, घशाचे २४७ आणि तोंडाचे १४८ रुग्ण घेतले, तुलनेला २६० इतर लोक घेतले आणि सवयी विचारल्या. निष्कर्ष २००० मध्ये छापला. विडी-सिगारेटनं फुप्फुसाचा आणि घशाचा कर्करोग वाढतो, जितकं ओढाल तितका जास्त. आणि तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहा पट.

याचा अर्थ वायू निर्दोष ठरला असा मुळीच नाही. याच दोघांनी १९९९ च्या निबंधात वायूचा आणि कर्करोगाचा संबंध तपासताना बजावलं होतं, की पूर्ण परिणाम दिसायला १५ ते २० वर्षं लागू शकतात. पुढे भोपाळ मेमोरियल रुग्णालयात फुप्फुसाच्या पेशी भांड्यात वाढवून त्यांच्यावर आयसोसायनेटचा परिणाम पाहिला गेला, तेव्हा जनुकीय अस्थिरता दिसली (२००९). दुर्घटनेच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलग्यांत पुढे कर्करोगाचं प्रमाण जास्त असल्याचं २०२३ मध्ये एका अमेरिकन गटानं मांडलं. वायूचा हिशोब अजून चालू आहे. मात्र तो हिशोब नीट लावायचा तर तंबाखूचा आकडा आधी वेगळा काढावा लागतो. नाहीतर उद्या कंपनीचा वकील म्हणेल, ‘हे सगळं पानानं झालं’, आणि आपल्याकडे उत्तर नसेल. दोन भार वेगळे मोजले तरच तुटलेल्या भागाचा दोष कुणाचा ते ठरतं.

दात दुरुस्त करायचा तर…

आता दाताकडे येऊ. भोपाळची मुलं पूर्वी दंतवैद्यक शिकायला इंदूरला जात. तिथलं शासकीय दंत महाविद्यालय १९६१ चं. आता भोपाळातच अनेक दंत महाविद्यालयं आहेत आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहेत. त्यातली एक शाखा म्हणजे दात न काढता वाचवण्याची, म्हणजे भरणं, रूट कॅनाल वगैरे. तीन वर्षांचा अभ्यास आणि शेवटी प्रबंध सक्तीचा.

या शाखेला भोपाळमध्ये एक अडचण सतत भेटते, आणि ती शुद्ध यांत्रिक आहे. रूट कॅनालच्या फाइली साधारण २१, २५ आणि ३१ मिलिमीटर लांबीच्या असतात. निरोगी माणसाचं तोंड ४० मिलिमीटरच्या आसपास उघडतं, म्हणजे आपलीच तीन बोटं उभी मावतात. सबम्युकस फायब्रोसिस झालेल्याचं तोंड २० मिलिमीटरच उघडत असेल तर मागच्या दाढेत २५ मिलिमीटरची फाइल उभी घालणार कशी? क्लिअरन्सच नाही! वाचवता आली असती अशी दाढ मग काढावी लागते, आणि तोंड इतकं आखडलेलं असेल तर काढणंही अवघडच.

हे तोंड का आखडतं याचं उत्तर पुन्हा पेशीतच आहे. गालाच्या अस्तराखाली फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. त्या कोलॅजनचे धागे विणतात आणि जुने धागे मोडूनही टाकतात. सुपारीतलं अॅरेकोलीन विणकाम वाढवतं, हे १९८६ मध्येच भांड्यातल्या पेशींवर दाखवलं गेलं. सुपारीतलं टॅनिन धागे मोडू देत नाही आणि तांबं त्यांच्या गाठी पक्क्या करायला मदत करतं. त्यामुळे तंबाखू नसलेली नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तिला कर्करोगकारक ठरवलं. मध्य प्रदेशानं १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आणली, देशात सर्वांत आधी. पण पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतात, आणि त्या एकत्र करायला कितीसा वेळ लागतो?

दात वाचवण्याच्या शास्त्राला पेशीशास्त्र दुसऱ्या बाजूनंही लागतं. दातात भरायचं नवं सिमेंट आधी भांड्यातल्या फायब्रोब्लास्टवर तपासतात. १९८३ पासून रूढ असलेल्या चाचणीत जिवंत पेशी पिवळा रंग जांभळा करतात. जांभळं कमी तर सिमेंट विषारी. २००० मध्ये अक्कलदाढेच्या गाभ्यात मूळपेशी सापडल्या, २००३ मध्ये दुधाच्या दातांत. मेलेला दातही पुन्हा आतून जिवंत करता येईल का, हा आता पदव्युत्तर प्रबंधांचा विषय झाला आहे. त्यातली टिश्यू कल्चरची पद्धत रणदिवेबाईंनी परळला रुजवली तीच.

इतिहासप्रेमींनी काय करायचं

आपण मंडळी जुने दरवाजे आणि शिलालेख वाचवायला धावतो, ते योग्यच आहे. पण या शहराच्या इतिहासाचा एक दस्तऐवज काचपट्ट्यांवर, मेणात बसवलेल्या ऊतींच्या ठोकळ्यांत आणि महाविद्यालयांच्या कपाटांतल्या पदव्युत्तर प्रबंधांत आहे. जागा हवी म्हणून जुने प्रबंध रद्दीत जाणं हा प्रकार कुठल्याही शिक्षणसंस्थेला नवा नाही. आपल्यापैकी ज्यांची मुलं-सुना-जावई वैद्यकीय किंवा दंत महाविद्यालयांत आहेत, त्यांनी एवढं करावं: आपल्या विभागात १९८४ नंतरच्या प्रबंधांची यादी आहे का ते विचारावं, नसेल तर करायला लावावी आणि तिची एक प्रत मंडळाकडे द्यावी. वर्ष, विषय, मार्गदर्शक आणि प्रबंध कुठल्या कपाटात आहे, एवढे चार रकाने पुरेत. पहिल्या दहा नोंदी आल्या की आपण त्या याच संकेतस्थळावर लावू.