तोकव्हील जर्मन शिकतो

नेकारसुल्म म्हटलं की इथल्या लोकांना आउडीचा कारखाना आठवतो. गावातल्या जुन्या गढीत हल्ली दुचाक्यांचं संग्रहालय आहे. पण १४८४ ते १८०५ हे गाव ट्यूटॉनिक ऑर्डर या धार्मिक सरदारसंघाच्या ताब्यात होतं. १५२५च्या शेतकरी उठावात बंडखोर इथूनच शेजारच्या वाइन्सबर्गवर चालून गेले आणि तिथल्या सरदाराला त्यांनी भाल्यांच्या दुतर्फा रांगांमधून पळवत ठार केलं. मग १७८९ साली क्रांती झाली ती फ्रान्समध्ये, इकडे का नाही?

हाच प्रश्न अलेक्सी द तोकव्हीलला पडला होता. जन्म १८०५चा, नॉर्मंडीचं सरदार घराणं. आईचे आजोबा मालझेर्ब यांनी सोळाव्या लुईचं वकीलपत्र घेतलं आणि १७९४ साली त्यांचंही डोकं उडवलं गेलं. असा माणूस क्रांतीला शिव्या घालत बसला असता तर नवल नव्हतं. हा मात्र अमेरिकेत जाऊन लोकशाही बघून आला, त्यावर पुस्तक लिहिलं, खासदार झाला, १८४९ साली जेमतेम पाच महिने परराष्ट्रमंत्री झाला. १८५१ साली लुई नेपोलियननं सत्ता बळकावली आणि राजकारण संपलं.

मग तो दप्तरखान्यात शिरला. १८५४ साली, पन्नाशीला टेकल्यावर, जर्मन शिकून बॉनला आला! (मी तिशीत शिकलो तरी दम लागला होता.) त्याला दिसलं ते असं: जर्मनीच्या बऱ्याच भागांत कुळं अजून जमिनीला जखडलेली, पण सरदार निदान कारभार तरी बघत होता. फ्रान्सचा शेतकरी स्वतः जमीनमालक झालेला. तिथे कारभार राजाचे अधिकारी करत, सरदाराकडे उरले नुसते हक्क आणि वसुली. जाच कमी, पण चीड जास्त. १८५६चं त्याचं पुस्तक यावरच उभं आहे.

आपल्याला खटकतं ते पुढचं. हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्यावर त्यानं पूर्वी टिपणं काढली होती, पुस्तक मात्र अर्धवट राहिलं. १८५७ साली त्यानं इंग्रज मित्रांना पत्रं लिहिली: तुमचा विजय तो सुधारणेचा आणि ख्रिस्ती धर्माचा विजय, अशा अर्थाची. वसुलीपुरत्या उरलेल्या धन्याबद्दलची चीड ज्याला इतकी नेमकी कळली, त्यानं कंपनी सरकारला ती मोजपट्टी लावली नाही. अल्जीरियातल्या फ्रेंच राज्यालाही नाही.

१८५९च्या एप्रिलमध्ये तो क्षयानं गेला. क्रांतीच्या इतिहासाचा पुढचा भागही अपुराच राहिला.